दुसरी छत्री

कायद्याच्या पुस्तकातील बहुतेक कलमांमागे कोणाचा तरी तंटा असतो. कलम वाचताना तो तंटा आपण विसरतो, आणि मग ते कलम जाचक वाटू लागते. विमानातून उडी घेणाऱ्या माणसाच्या अंगावर जो साज चढवितात त्याचेही असेच आहे. त्यातील प्रत्येक पट्ट्यामागे आणि प्रत्येक कडीमागे कोणाचा तरी अपघात आहे. तो ठाऊक नसला म्हणजे साज जड वाटतो, त्याची घाई होते आणि एखादी वस्तू गाळावीशी वाटते.

आमच्या उटनूरच्या डोंगराळ मुलखात हवाई छत्रीचा, म्हणजे पॅराशूटचा, प्रसंग कोठून येणार असे कोणी म्हणेल. परंतु आपल्या समाजातील मुले आज हैदराबादेस, पुण्यास आणि परदेशी नोकरीस आहेत. सुटीच्या दिवशी विमानातून उडी घेणे ही त्यांतील काहींची हौस झाली आहे. उडीपूर्वी सही करावयाचा कागद कधी कधी घरच्या वडीलधाऱ्यांकडून आमच्याकडे वाचावयास येतो. कागदात काही खोट नाही ना, एवढेच त्यांस विचारावयाचे असते. आमच्या मते पहिला प्रश्न कागदाचा नसून साजाचा असावा. पाठीवर काय बांधणार, ते कोणी बांधले, आणि ते फसले तर दुसरे काय आहे? या प्रश्नांची उत्तरे हवाई छत्रीच्या इतिहासात मिळतात, म्हणून तो येथे थोडक्यात सांगतो.

२२ ऑक्टोबर १७९७ रोजी पॅरिस येथे आंद्रे-जाक गार्नेरँ हा फ्रेंच गृहस्थ बलूनमधून सुमारे तीन हजार फूट वर गेला आणि रेशमी छत्रीखाली टांगलेल्या टोपलीत बसून खाली उतरला. तो जगला, परंतु टोपली इतकी हेलकावली की पाहणाऱ्यांचा जीव टांगणीस लागला. छत्रीत कोंडलेली हवा कडेने कशीही निसटत असल्याने हे झोके बसत. पुढे छत्रीच्या शेंड्याशी एक छिद्र ठेवण्याची युक्ती निघाली आणि झोके कमी झाले.

हे झोके समूळ घालवावेत असे लंडनच्या रॉबर्ट कॉकिंग यांच्या मनाने घेतले. त्यांनी उलट्या शंकूच्या आकाराची छत्री रचली. तत्त्व अगदीच खोटे नव्हते. परंतु छत्रीचे वजन सुमारे अडीचशे पौंड भरले, आणि सांगाडा व शिवण यांस तो भार पेलवला नाही. २४ जुलै १८३७ रोजी हे एकसष्ट वर्षांचे गृहस्थ, पूर्वी एकदाही उडी घेतलेली नसता, सुमारे पाच हजार फुटांवरून सुटले. छत्री वाटेतच मोडली आणि ते मरण पावले. अननुभवी माणूस आणि अननुभूत साधन यांची गाठ पडली म्हणजे काय होते, त्याचा हा पहिला ठळक दाखला होय.

पुढे ४ फेब्रुवारी १९१२ रोजी पॅरिसच्या आयफेल मनोऱ्यावरून फ्रांझ रायखेल्ट नावाच्या शिंप्याने स्वतः शिवलेला छत्रीचा अंगरखा घालून उडी टाकली. पोलिसांची परवानगी पुतळा टाकून पाहण्याच्या समजुतीवर मिळाली होती. त्याने ऐनवेळी पुतळा बाजूस ठेवून स्वतःचा देह पुढे केला. पहिल्या सज्जाची उंची सुमारे सत्तावन्न मीटर. अंगरखा उघडण्यास तेवढे अंतर पुरले नाही. हौसेच्या भरात माणूस परीक्षेची पायरी कशी वगळतो हे या प्रसंगात दिसते.

त्या काळी छत्री विमानास दोरीने जखडलेली असे व उडी घेताच दोरीच्या ताणाने उघडे. परंतु विमान गिरक्या खात कोसळू लागले म्हणजे तीच दोरी गळफास होई. २८ एप्रिल १९१९ रोजी अमेरिकेतील मॅककुक फील्ड येथे लेस्ली अर्विन यांनी पाठीवरच्या गाठोड्यात घडी केलेली छत्री घेऊन उडी मारली आणि विमानापासून दूर गेल्यावर स्वतःच्या हाताने दोर ओढून ती उघडली. जमिनीवर येताना त्यांचा घोटा मोडला; छत्रीने मात्र आपले काम चोख केले. येथून उडी घेणारा विमानापासून मोकळा झाला. पण छत्री उघडण्याची जबाबदारीही आता त्याच्या एकट्याच्या हातावर आली, आणि पुढील सर्व सुधारणा या एका हाताच्या भरवशावर सर्वस्व न सोडण्यासाठी झाल्या.

आपल्या देशाचाही या इतिहासात वाटा आहे. १८९० साली कलकत्त्यात रामचंद्र चटर्जी यांनी बलूनमधून छत्रीने उतरून दाखविले. १९४१ साली हिंदी सैन्याची छत्रीधारी तुकडी उभी राहिली. त्या वर्षी उडी घेणाऱ्या पहिल्या हिंदी सैनिकांत डॉक्टर ए. जी. रंगराज आणि हवालदार-मेजर मथुरा सिंग यांची नावे घेतली जातात. हेच रंगराज पुढे कोरियात साठाव्या छत्रीधारी रुग्णपथकाचे प्रमुख झाले आणि महावीरचक्राचे मानकरी ठरले. कानपूरचा छत्र्यांचा सरकारी कारखानाही १९४१ मधलाच. मराठ्यांची एक जुनी पलटण छत्रीधारी होऊन आज पॅराशूट रेजिमेंटची दुसरी पलटण म्हणून ओळखली जाते. ११ डिसेंबर १९७१ रोजी तिने बांगलादेशच्या युद्धात टांगाईल येथे उडी घेतली.

ब्रह्मदेशाच्या मोहिमेतील एक गोष्ट येथे विशेष उपयोगी आहे. १९४४ च्या सुमारास जनरल स्लिम यांच्या चौदाव्या सैन्यास विमानातून रसद टाकण्यासाठी रेशमी छत्र्या पुरेनात. तेव्हा कलकत्त्याच्या तागाच्या गिरण्यांकडून तागाच्या छत्र्या करवून घेण्यात आल्या. नेहमीच्या छत्रीस वीस पौंडांवर खर्च येई, तर या एका पौंडाच्या आसपास पडत. रसदीचे काम त्यांनी उत्तम केले, परंतु त्या माणसाच्या पाठीवर कोणी बांधल्या नाहीत. तांदळाचे पोते फुटले तर दुसरे टाकता येते. स्वस्त साधन कोठे चालते आणि कोठे चालत नाही हे त्या सेनापतीस पक्के ठाऊक होते. जुना साज कमी किमतीत मिळतो म्हणून हुरळणाऱ्या तरुणानेही ते ध्यानी धरावे.

आता हौशी उडीच्या साजाकडे वळू. यात सर्वांत महत्त्वाची वस्तू म्हणजे दुसरी, राखीव छत्री. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन छत्रीधारी छातीवर राखीव छत्री बांधीत. इंग्रज सैनिक एकाच छत्रीवर उडी घेत. आजच्या हौशी उडीत दोन्ही छत्र्या पाठीवरच्या एकाच पिशवीत असतात. मुख्य छत्री शिकाऊ माणूसही घडी करावयास शिकतो. राखीव छत्री मात्र परवानाधारक कारागिराने, ज्यास रिगर म्हणतात त्यानेच बांधावयाची असते. अमेरिकेत तिची घडी दर १८० दिवसांनी सोडून, तपासून पुन्हा बांधावी लागते. भाड्याचा साज घेताना नवशिक्याने राखीव छत्रीच्या नोंदपत्रावरील तारीख व सही आधी पाहावी. दस्तऐवजावर तारीख नसेल तर आपण तो स्वीकारीत नाही. येथेही तोच नियम.

परंतु पहिली फसलेली छत्री दूर केल्यावाचून दुसरी उघडली तर दोन्हींचा गुंता होतो. ही अडचण अमेरिकेच्या बिल बूथ यांनी १९७० च्या दशकात तीन कड्यांच्या साध्या जुळणीने सोडविली. एक मूठ ओढताच मुख्य छत्री दोन्ही खांद्यांवरून एकदम सुटते. त्यापुढची शंका अशी की माणूस बेशुद्ध झाला किंवा भांबावला तर मूठ ओढणार कोण? जर्मनीच्या हेल्मुट क्लोथ यांनी १९९१ साली सायप्रस नावाचे इलेक्ट्रॉनिक यंत्र आणले. माणूस अजून वेगाने पडतच आहे असे त्यास आढळले तर सुमारे ७५० फुटांवर ते राखीव छत्री आपण होऊन उघडते. स्थिर वेगाने पडणारा माणूस हजार फूट साडेपाच सेकंदांत कापतो. म्हणजे ७५० फुटांवर जमीन चार सेकंदांवर असते. हे यंत्र शेवटचा उपाय आहे. त्याच्या भरवशावर बेफिकीर राहणे म्हणजे वकील दिला आहे म्हणून तारखेस गैरहजर राहण्यासारखे आहे.

या सुधारणांचे फळ आकड्यांत दिसते. १९७० च्या दशकात अमेरिकेत उडीच्या अपघातांत वर्षाला सरासरी चाळीसहून अधिक माणसे दगावत. २०२३ साली सुमारे छत्तीस लाख उड्यांत दहा मृत्यू झाले.

मात्र धोका पुरता गेला नाही, त्याने जागा बदलली. १९६० च्या दशकात डोमिना जॅल्बर्ट यांनी हवेने फुगणाऱ्या कप्प्यांची चौकोनी छत्री काढली. ती पंखासारखी पुढे जाते आणि वळविता येते, म्हणून गोल छत्रीपेक्षा पुष्कळ सुखावह ठरली. पण ती जितकी लहान तितकी वेगवान. गेल्या काही दशकांतील अपघातांचा मोठा वाटा असा आहे की छत्री नीट उघडली होती, सर्व साधने शाबूत होती, आणि माणूस जमिनीलगत वेगाने वळण घेताना आदळला. कॉकिंग यांच्या वेळी छत्री माणसास पेलत नव्हती. आता माणसास छत्री पेलत नाही.

म्हणून छत्रीचा आकार हा नवशिक्याच्या निवडीचा गाभा होय. हिशेब सोपा आहे. उडी घेणाऱ्याचे साजासह वजन पौंडांत मोजावे आणि निदान तितके चौरस फूट कापड डोक्यावर असावे. साजासह ब्याऐंशी किलो भरणाऱ्या माणसाचे सुमारे १८० पौंड होतात. त्याने १८० चौरस फुटांहून लहान छत्रीस हात लावू नये, आणि शिकत असता दोनशेच्या वरचीच घ्यावी. मित्राजवळ लहान, रंगीत, चपळ छत्री आहे हे कारण पुरेसे नाही. पहिल्या काही डझन उड्यांपर्यंत स्वतःचा साज विकतच घेऊ नये; शिक्षक देतील तो वापरावा. सैनिकास छत्री निवडण्याचे स्वातंत्र्य नसते आणि त्याचे त्यात काही बिघडत नाही.

उरलेल्या वस्तू लहान, पण गाळण्यासारख्या नाहीत. मनगटावर उंचीमापक हवा. शिरस्त्राण घट्ट बसणारे हवे. चष्मा, घोट्यास आधार देणारे व आकडे नसलेले बूट, आणि दोऱ्या अडकल्यास कापण्यासाठी आकड्याची सुरी हवी. हार्नेसचे पट्टे आपल्या देहाच्या मापाने आवळलेले हवेत. कपड्याचा एकही पदर मुठींवर येता कामा नये. पुण्याच्या शीतल महाजन यांनी फेब्रुवारी २०१८ मध्ये थायलंडात नऊवारी नेसून तेरा हजार फुटांवरून उडी घेतली, तेव्हा लुगड्याचे कौतुक सर्वांनी केले. त्या लुगड्यावर छत्रीचा पूर्ण साज, शिरस्त्राण, चष्मा आणि बूट होते, आणि पाठीशी शेकडो उड्यांचा अनुभव होता, हे फारसे कोणी सांगितले नाही. त्यांची पहिली उडी १८ एप्रिल २००४ रोजी उत्तर ध्रुवावर झाली. तो विक्रम होय, नवशिक्यासाठी घालून दिलेला धडा नव्हे. नवशिक्याची सरळ वाट म्हणजे पहिली उडी शिक्षकाच्या हार्नेसला जोडून घेणे आणि मग जमिनीवरचे शिक्षण पुरे करणे.

नियमांचेही तसेच. अमेरिकन संघटनेच्या नियमाने शिकाऊ माणसाने तीन हजार फुटांच्या आत छत्री उघडण्याची वेळ येऊ देऊ नये. छत्री सदोष असेल तर अडीच हजार फुटांवर निर्णय झालेला असावा. त्याखाली विचार करीत बसण्यास अवकाश नाही. जमिनीवरचा वारा ताशी चौदा मैलांहून अधिक असेल तर शिकाऊ माणसाने एकट्याने उडी घेऊ नये. कॅमेरा तर दोनशे उड्यांपूर्वी बरोबर नेऊच नये, अशी तेथील शिफारस आहे. छायाचित्राकडे लक्ष गेलेल्या माणसाचे उंचीमापकाकडे लक्ष राहत नाही.

आता त्या कागदाविषयी. जाणूनबुजून पत्करलेल्या धोक्याबद्दल भरपाई मागता येत नाही, हे तत्त्व न्यायालये मानतात. परंतु खेळाच्या स्वाभाविक धोक्यास दिलेली संमती ही दुसऱ्याच्या निष्काळजीपणास दिलेली संमती नव्हे. वारा अचानक फिरला तर तो खेळाचा धोका. राखीव छत्रीची तपासणीच झाली नव्हती तर तो चालकाचा हलगर्जीपणा. अठरा वर्षांखालील मुलाची सही १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे त्यास बांधीत नाही. जून २०२२ मध्ये भारत सरकारने हवाई क्रीडांचे राष्ट्रीय धोरण जाहीर केले. त्यात सेवा देणारे आणि त्यांची साधने यांची संबंधित क्रीडासंघटनेकडे नोंद असावी अशी अपेक्षा आहे. तेव्हा सही करण्यापूर्वी ही नोंद, शिक्षकाचा परवाना आणि विम्याचा कागद दाखवा असे म्हणण्यास संकोच नसावा. जो विचारल्यावर रागावतो त्याच्याकडे उडी घेऊ नये.

आपल्याकडे रथोत्सवात शेकडो हात रथ ओढतात, पण चाकाखाली पाचर घालणारी दोन-चार माणसे निराळी असतात. रथाच्या वेगाशी त्यांना कर्तव्य नसते, तो थांबेल की नाही याकडे त्यांची दृष्टी असते. त्या माणसांवाचून रथ ओढावा असे आजवर कोणत्याही विश्वस्तास वाटले नाही. राखीव छत्री, तिच्यावरील तारीख, ते लहानसे यंत्र आणि "आज वारा फार आहे, उद्या या" असे सांगणारा शिक्षक ही आकाशातील पाचर होय. मुलांनी उडी घेऊ नये असे आम्ही म्हणणार नाही. घरच्यांनी मात्र कागदावर सही करण्यापूर्वी या चार गोष्टी विचाराव्यात, आणि चारांपैकी एकीचेही उत्तर मिळाले नाही तर त्या दिवशी मुलास घरी परत आणावे.