सीमेपलीकडची स्वस्ताई

दोन शेजारी राष्ट्रांमधील सीमारेषा नकाशावर शाईनें काढलेली असते. परंतु तिची खोली सामान्य गृहस्थास कळते ती बाजारांत. एकाच कारखान्यांत बनलेली एकच वस्तु रेषेच्या अलीकडे एका भावानें व पलीकडे दुसऱ्या भावानें विकली जात असेल, तर त्या दोन भावांतील अंतर हेंच त्या रेषेचें माप होय. कॅनडा आणि अमेरिकेचीं संयुक्त संस्थानें यांच्यामधील मोटारींच्या व मोटारसायकलींच्या व्यवहाराचा इतिहास या दृष्टीनें पाहण्याजोगा आहे. चार पैसे वांचावे म्हणून शेजारच्या देशांतून मोटारसायकल आणणाऱ्या माणसाची गोष्ट वरवर क्षुल्लक दिसते. पण स्वस्ताईवर पहिला हक्क कोणाचा, कारखानदाराचा कीं गिऱ्हाइकाचा, हा प्रश्न तिच्या पोटांत दडलेला आहे.

२००७ सालीं हा प्रश्न घरोघर येऊन पोंचला. त्या वर्षीं २० सप्टेंबर रोजीं कॅनडाचा डॉलर अमेरिकन डॉलराच्या बरोबरीस आला. १९७६ च्या नोव्हेंबरनंतर असें प्रथमच घडत होतें. पुढें ७ नोव्हेंबरला तर त्याचें मोल १.१० अमेरिकन डॉलरांपर्यंत चढलें. दुकानांतील किंमतींच्या चिठ्ठ्या मात्र जुन्याच राहिल्या. याचा परिणाम काय होतो हें एका कल्पित हिशेबानें पाहूं. एखादी मोटारसायकल अमेरिकेंत १०,००० डॉलरांस व कॅनडांत १२,५०० डॉलरांस मिळते असें धरा. कॅनडाचा डॉलर ६२ सेंटांवर असतांना तीच गाडी पलीकडून आणावयाची, तर कॅनडाचे १६,००० हून अधिक डॉलर मोजावे लागत; तेव्हां तिकडे जाण्याचें कोणाच्या मनांतहि येणार नाहीं. पण दोन्ही डॉलर समान झाले कीं ती १०,००० ला पडते. त्यावर त्या वेळचा ६ टक्के संघीय विक्रीकर, वाहतूक व कांहीं शुल्क दिलें तरी बरीच रक्कम हातीं उरते. लोक सीमेकडे वळले यांत नवल तें काय?

परंतु ही सीमा इतकी मोकळी होण्यास सव्वाशे वर्षें लागलीं होतीं. १८५४ च्या करारानें उत्तर अमेरिकेंतील ब्रिटिश वसाहती व संयुक्त संस्थानें यांच्यांत शेतमाल, लाकूड, मासळी इत्यादि नैसर्गिक मालाची देवघेव जकातीवांचून होऊं लागली होती. हा करार अमेरिकेनें १८६६ सालीं मोडला. पुढें १८७९ मध्यें पंतप्रधान जॉन मॅक्डोनल्ड यांनीं 'राष्ट्रीय धोरण' या नांवानें पक्क्या मालावरील जकात बरीच चढविली. देशांत कारखाने निघावे हा तिचा हेतु. कारखाने निघालेहि, पण त्यांतील अनेक अमेरिकन कंपन्यांच्याच शाखा होत्या. माल भिंतीवरून उडी मारूं शकत नसेल, तर कारखानाच भिंतीच्या आंत नेऊन बसवावा, हा त्यांचा विचार. १९०४ सालीं डेट्रॉइटच्या समोर, नदीच्या कॅनडाकडील तीरावर, फोर्ड गाड्यांचा कारखाना निघाला तो असाच.

या कारखान्याचा धागा आमच्या मुंबईपर्यंत येऊन पोंचतो. ब्रिटिश साम्राज्यांतील देशांस गाड्या पुरविण्याचें काम बव्हंशीं कॅनडाच्या फोर्ड कंपनीकडे होतें. १९२६ सालीं हिंदुस्थानांत स्थापन झालेली फोर्ड कंपनी हीहि तिचीच शाखा. आणि मुंबई, कलकत्ता व मद्रास येथें गाड्यांची जुळणी होत असे. आमच्याकडील जुन्या पिढीनें जी गाडी 'अमेरिकन' म्हणून पाहिली, तिचा प्रवास पुष्कळदां कॅनडाच्या मार्गानें झालेला असे. जकातीची एक भिंत व्यापाराची वाट किती दूरवर वळवूं शकते, याचा हा एक दाखला.

१९६५ च्या जानेवारींत अध्यक्ष जॉन्सन व पंतप्रधान पिअर्सन यांनीं टेक्सास संस्थानांत मोटार-व्यवसायाच्या करारावर सह्या केल्या. आतां गाड्या व त्यांचे सुटे भाग जकातीवांचून सीमेपलीकडे जाऊं लागले. पण कोणासाठीं? कॅनडाच्या बाजूनें ही सवलत उत्पादनाच्या ठरीव अटी पाळणाऱ्या कारखानदारांनाच होती. एखाद्या सामान्य गृहस्थानें डेट्रॉइटहून तीच गाडी स्वतः विकत आणली, तर त्याला जकात भरणें प्राप्तच होतें. वापरलेल्या अलीकडच्या गाड्या आणण्यावर तर बंदी होती. भिंतीला दार पडलें. परंतु त्याची किल्ली कारखानदाराच्या हातीं राहिली. १ जानेवारी १९८९ रोजीं अमलांत आलेल्या मुक्त व्यापाराच्या करारानें वापरलेल्या गाड्यांवरील बंदी टप्प्याटप्प्यानें १९९४ पर्यंत उठविली. आणि या दोन देशांतच बनलेल्या मालावरील जकात १९९८ च्या आरंभीं संपली. म्हणजे कारखानदारामागून गिऱ्हाइकाचा पाय उंबऱ्यापलीकडे पडण्यास सुमारे तीस वर्षें लागलीं.

खुद्द मोटारसायकलीच्या अंगावरहि जकातीच्या खुणा उमटल्या आहेत. जपानी गाड्यांच्या स्पर्धेनें टेंकीस आलेल्या हार्ले-डेव्हिडसन कंपनीनें संरक्षण मागितलें, तेव्हां १९८३ च्या एप्रिलांत अध्यक्ष रेगन यांनीं ७०० घन सेंटिमीटरांहून मोठ्या परदेशी मोटारसायकलींवरील जकात ४.४ टक्क्यांवरून एकदम ४९.४ टक्क्यांवर नेली. ती पांच वर्षांत क्रमाक्रमानें उतरावयाची होती. जपानी कारखानदारांनीं काय करावें? त्यांनीं आपलीं ७५० चीं एंजिनें अमेरिकेपुरतीं ७०० च्या आंत आणून बसविलीं. कायद्यानें रेषा आंखली आणि यंत्रानें अंग चोरलें! हार्ले कंपनीचा जम बसल्यावर १९८७ मध्यें तिनेंच ही जादा जकात मुदतीपूर्वीं उठविण्याची विनंती केली.

जकात गेली तरी सीमा गेली नाहीं. कॅनडाचे सुरक्षिततेचे नियम निराळे. म्हणून पलीकडून येणाऱ्या गाड्यांसाठीं १९९५ सालीं स्वतंत्र नोंदणीची व्यवस्था निघाली. अमेरिकेच्या अधिकाऱ्यांस मालकीचे कागद ७२ तास आधीं दाखवावे. सीमेवर अर्ज भरून कर द्यावा. कारखान्यानें दुरुस्तीसाठीं परत बोलावलेल्या गाड्यांत आपली गाडी नाहीं असा दाखला मिळवावा. आणि ४५ दिवसांच्या आंत तपासणी उरकावी, असा हा क्रम. यांतील एक कागद खुद्द कारखानदाराकडून आणावयाचा असतो हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. शिवाय पलीकडच्या गाडीची हमी अलीकडे चालेलच असा भरंवसा नसे. सरकारनें उतरविलेली भिंत कंपन्यांना आपल्या कचेरींतून पुन्हा थोडीशी उभारतां येते ती अशी.

तथापि दुसरी बाजूहि न्यायानें पाहिली पाहिजे. गांवांतील विक्रेत्यानें आपला माल जुन्या, महाग दरानें भरलेला असतो. कॅनडाची बाजारपेठ लहान, अंतरें मोठीं. हिंवाळ्यांत गाडी बंद पडली कीं तिच्याकडे पाहावयास हाच मनुष्य. सीमेपलीकडील स्वस्त दुकानदार नव्हे. वांचलेल्या रकमेंतील कांहीं भाग खरोखर त्याच्या पदरचा असतो. आमच्या मतें गिऱ्हाइकाचा दोष नाहीं, विक्रेत्याचाहि नाहीं. दोघेहि तिसऱ्यानेंच ठरविलेल्या किंमतींत सांपडलेले असतात.

त्या वर्षीं ऑक्टोबरांत अर्थमंत्री फ्लाहर्टी यांनीं व्यापाऱ्यांस भेटून भाव उतरविण्याचा आग्रह केला. २०१३ च्या फेब्रुवारींत तेथील सीनेटच्या समितीनें दोन देशांतील भावांच्या तफावतीवर अहवाल दिला. तिला कोणतेंहि एकच कारण सांपडलें नाहीं. पुढें चलनाचें पारडें पुन्हा फिरलें. २०१६ च्या जानेवारींत कॅनडाचा डॉलर ७० सेंटांच्याहि खालीं उतरला आणि गाड्यांचा ओघ उलट, अमेरिकेकडे वाहूं लागला. २००२ च्या सुमारास, डॉलर ६२ सेंटांजवळ असतांना, हाच ओघ दिसला होता. आणि त्या वेळीं स्वस्त गाडीसाठीं अडून बसलेला गिऱ्हाईक अमेरिकन होता.

या कथेचा शेवटचा अध्याय अगदीं अलीकडचा आहे. ४ मार्च २०२५ रोजीं अमेरिकेच्या नव्या जकातीस उत्तर म्हणून कॅनडानें कित्येक अमेरिकन वस्तूंवर २५ टक्के जकात बसविली. त्या यादींत मोटारसायकलहि होती. १ सप्टेंबर रोजीं यांतील बऱ्याच वस्तु मोकळ्या झाल्या. दशकानुदशकें खपून जें दार उघडलें तें एका दिवसांत बंद होतें, व सहा महिन्यांत पुन्हा किलकिलें होतें, हें लोकांनीं डोळ्यांनीं पाहिलें. मुक्त व्यापार ही एकदां मिळाली कीं कायमची राहणारी मिळकत नव्हे. कारखानदारास तो हिरावला गेल्यास दाद मागावयास सभा आणि वकील असतात. गिऱ्हाइकास मात्र तो गेल्याचें कळतें तें दुकानांतील चिठ्ठी वाचून. म्हणूनच कोणताहि व्यापारी करार वाचतांना त्यांतील सवलत कोणाच्या नांवें लिहिली आहे, हें आधीं पाहावें.