अकरा ओळींची वहिवाट

२२ मार्च २०१६, मंगळवार. कॅलिफोर्नियातली दुपार. जगभरातल्या प्रोग्रामरांचे संगणक अचानक एकच रडगाणं गाऊ लागले: लेफ्ट-पॅड सापडत नाही. मिनिटाला शेकडो कामं अडत होती.

हे लेफ्ट-पॅड म्हणजे काय? जेमतेम अकरा ओळींचा कोड. ७ हा आकडा ००७ असा दाखवायचा असेल तर डावीकडे दोन शून्यं लावून द्यायची, एवढंच त्याचं काम. पण महिन्याला जवळपास २५ लाख वेळा तो डाउनलोड होत होता. 'बेबेल'सारखं मोठं सॉफ्टवेअरही त्याच्यावर उभं होतं. तेही थेट नाही, दुसऱ्या-तिसऱ्याच्या मार्फत. त्यामुळे आपण लेफ्ट-पॅड वापरतो हे बहुतेकांना ठाऊकच नव्हतं.

तर झालं असं. अझेर कोचुलू या प्रोग्रामरचं 'किक' नावाचं एक पॅकेज एनपीएम या सार्वजनिक कोठारात होतं. किक नावाच्या कंपनीने नावावर हक्क सांगितला. याने नकार दिला. एनपीएमने ते नाव परस्पर कंपनीला देऊन टाकलं. गडी चिडला आणि आपली २७० हून जास्त पॅकेजं घेऊन बाहेर पडला. लेफ्ट-पॅड त्यातलंच एक.

आता दुरुस्तीची गंमत बघा. दहा मिनिटांत दुसऱ्या एकाने हुबेहूब तेच काम करणारा कोड त्याच नावाने ठेवला. आवृत्ती १.०.०. तरी बिघाड चालूच! कारण मधल्या एका पॅकेजने नेमकी ०.०.३ हीच आवृत्ती मागितली होती. काम तेच असलं तरी नंबर वेगळा, म्हणून मशीन अडून बसलं. शेवटी एनपीएमने मूळ ०.०.३ परत आणली. या सगळ्यात अडीच तास गेले.

आठवड्याभरात नियम बदलला. २४ तास उलटून गेलेलं आणि इतरांना लागणारं पॅकेज लेखकाला आपलं आपण काढता येणार नाही.

आपल्याकडे शेतातून वहिवाट पडली की जमीन मालकाची असली तरी वाट त्याच्या एकट्याची राहत नाही. एनपीएमनेही तेच म्हटलं, आणि ते रास्तच होतं. पण कोचुलूचं दुखणं तसंच राहिलं. फुकट राबणाऱ्याला या व्यवस्थेत हक्क किती?

जर्मनीने २०२२ मध्ये सॉव्हरिन टेक फंड काढला. असा पायाभूत कोड सांभाळणाऱ्यांना तिथे सरकारी तिजोरीतून पैसे मिळतात. बाकीच्यांनी कधीतरी हा विचार करायला हवा. वाट सगळ्यांची म्हणायची आणि खड्डे मात्र मालकाने एकट्याने बुजवायचे, हे किती दिवस चालणार?