कोबाल्टचे शेजारी

सावरगावच्या बाजूस, सौंसर-पांढुर्ण्याच्या मुलखात, प्राचीन खडकांत मँगनीजचे खनिज सापडते. भूशास्त्रज्ञांनी त्या खडकसमूहाला सौंसरचेच नाव दिले आहे. मूलद्रव्यांच्या मालिकेत मँगनीजनंतर लोह आणि लोहानंतर कोबाल्ट. नाते जवळचे, परंतु चुंबकापुढे दोघांचा स्वभाव निराळा! मँगनीजच्या फिकट गुलाबी लवणाचा स्फटिक चुंबकीय क्षेत्रात कसाही टांगला, तरी त्याला दिशेचे फारसे सोयरसुतक नसते. कोबाल्टचा स्फटिक मात्र एका ठरावीक दिशेकडे ओढ घेतो. या दिशाभेदास चुंबकीय असमदिकता म्हणतात.

ती बारकाईने मोजली कृष्णन यांनी. रामन यांचे हे सहकारी प्रथम ढाक्यास व १९३३ पासून कलकत्त्यास होते. महागडी साधने हाताशी नसताही त्यांनी एक नामी युक्ती काढली. क्वार्ट्‌झच्या अतिसूक्ष्म तंतूने स्फटिक चुंबकाच्या ध्रुवांमध्ये टांगावयाचा आणि वरून तंतूला पीळ देत जावयाचे. पीळ मर्यादेपलीकडे गेला की स्फटिक एकाएकी गर्रकन फिरे. त्या क्षणीच्या कोनावरून असमदिकतेचे गणित मांडता येई.

परंतु हा स्वभाव कोबाल्टला देतो कोण? त्याच्याभोवती बसलेले अणू, ज्यांना रसायनशास्त्रज्ञ लिगंड म्हणतात. गुलाबी कोबाल्ट लवणात पाण्याचे सहा रेणू त्याला वेढून असतात, तेथे असमदिकता मोठी. निळ्या लवणात क्लोरीनचे चारच अणू असतात, तेथे ती अल्प. चार शेजाऱ्यांचा परिणाम सहांच्या उलट व्हावा, असे डच शास्त्रज्ञ गोर्टर यांनी १९३२ मध्येच सुचविले होते. शेजाऱ्यांच्या विद्युत्‌क्षेत्रामुळे इलेक्ट्रॉनांच्या कक्षीय गतीला कोठे वाव राहतो, कोठे ती जखडली जाते. मँगनीजच्या आयनात पाच कक्षांत एकेक इलेक्ट्रॉन समान वाटलेला, म्हणून तेथे कोणतीच दिशा लाडकी नाही.

हा विषय पुष्कळ वर्षे तज्ज्ञांपुरताच राहिला. २०११ मध्ये कॅलिफोर्नियातील बर्कले येथे कोबाल्टच्या एका आयनाभोवती गंधकाचे चार अणू बसवून पाहण्यात आले. अतिथंड अवस्थेत, बाहेरच्या चुंबकाच्या आधारावाचून, तो एकटा आयन आपले चुंबकत्व काही क्षण धरून राहिला. चार शेजारी असूनही असमदिकता मोठी निघाली, कारण शेजारी गंधकाचे होते.

मग प्रश्न अधिक नेमका झाला. मुंबईत पवईच्या आय. आय. टी.मध्ये महेश्वरन शण्मुगम व गोपालन राजारामन यांच्या गटांनी अशी चौकोपरी संयुगे घडवून व त्यांचे गणित करून, असमदिकतेचे मान आणि तिचे चिन्ह कशावर ठरते याचा शोध २०१६ मध्ये प्रसिद्ध केला. चिन्ह ऋण असेल तर चुंबकत्व सुईप्रमाणे एका अक्षास धरून राहते. धन असेल तर ते एका पातळीत विखुरते, आणि स्मृती साठविण्यास पहिलेच हवे असते.