‘ब्लू स्वेड शूज’ नक्की कुणाचं?

‘ब्लू स्वेड शूज’ म्हटलं की बहुतेकांना एल्विस प्रेस्ली आठवतो. पण हे गाणं रचलं कार्ल पर्किन्सने, आणि 19 डिसेंबर 1955 ला मेम्फिसच्या सन स्टुडिओत पहिल्यांदा रेकॉर्ड केलं तेही त्यानेच. कंट्री संगीत आणि रिदम अँड ब्लूज यांच्या मिश्रणातून आलेल्या रॉकबिलीचं हे गाजलेलं गाणं. मग पर्किन्सचं नाव मागे का पडलं?

यावर एक तयार गोष्ट सांगितली जाते. 22 मार्च 1956 ला टीव्ही कार्यक्रमासाठी न्यूयॉर्कला निघालेल्या पर्किन्सच्या गाडीला डेलावेअरमध्ये अपघात झाला. तो हॉस्पिटलमध्ये पडून होता, तेवढ्यात प्रेस्लीने गाणं पळवलं!

गोष्ट छान आहे, पण तुम्ही तारखा शेजारी शेजारी लिहून बघा. प्रेस्लीने हे गाणं रेकॉर्ड केलं 30 जानेवारीला आणि टीव्हीवर गायलं 11 फेब्रुवारीला. दोन्ही अपघाताच्या आधी. शिवाय त्या वर्षी पर्किन्सची रेकॉर्ड बिलबोर्डच्या कंट्री यादीत पहिली आणि पॉप यादीत दुसरी आली. प्रेस्लीची 20व्या क्रमांकापर्यंतच पोचली. म्हणजे 1956च्या बाजारात जिंकला पर्किन्सच. अपघाताने त्याची टीव्हीवरची मोठी संधी हुकली हे खरं, पण ‘अपघातामुळे गाणं गेलं’ हा दावा वेगळा. तो या तारखांपुढे टिकत नाही.

मग आठवण बदलली कधी? इथे नंतरची कव्हर्स, म्हणजे इतरांनी नव्याने गायलेल्या आवृत्त्या, कामाला येतात. ‘जी. आय. ब्लूज’ (1960) या सिनेमासाठी प्रेस्लीने गाणं पुन्हा रेकॉर्ड केलं. त्यात एक सैनिक ज्यूकबॉक्सवर हेच गाणं लावतो, आणि ज्यूकबॉक्सवर नाव दिसतं एल्विस प्रेस्लीचं. पर्किन्सचा पत्ताच नाही! 1968च्या टीव्ही कार्यक्रमातही प्रेस्लीने ते गायलं. पुढच्याच वर्षी टोरोंटोत जॉन लेननने कार्यक्रमाची सुरुवात याच गाण्याने केली. गाणं असं हातोहात फिरत राहिलं, आणि सगळ्यात मोठं नाव त्याला चिकटलं.

आता बघा, ‘गाणं कुणाचं?’ या एका प्रश्नात तीन प्रश्न दडलेत: रचलं कुणी, त्या काळी खपलं कुणाचं, आणि आज आठवतं कुणाचं. पहिल्यासाठी रेकॉर्डिंगच्या नोंदी बघायच्या, दुसऱ्यासाठी त्या वर्षीच्या याद्या, तिसऱ्यासाठी नंतरची कव्हर्स आणि सिनेमे. एकाचा पुरावा दुसऱ्याला चालत नाही.

तुमच्या प्रस्तावात ‘मूळ’ किंवा ‘लोकप्रिय’ हा शब्द आला असेल, तर यातला कुठला प्रश्न तुम्ही विचारताय ते आधी ठरवा. पुरावा कुठे शोधायचा, हे त्यानंतरच ठरेल.