जगत्तुंगसमुद्र ते जलदूत : नांदेड-लातूर परिसरातील जलस्थानांची नोंद

राष्ट्रकूट राजे आपणांस लट्टलूर नगरीचे अधिपती म्हणवीत. लट्टलूर म्हणजे लातूर होय, असे अनेक संशोधकांचे मत आहे. याच वंशातील तिसऱ्या गोविंदाचे ‘जगत्तुंग’ हे बिरुद. कंधार येथील राष्ट्रकूटकालीन शिलालेखात ‘जगत्तुंगसमुद्र’ या जलाशयाचा निर्देश असून तेथील तलाव आजही त्याच नावाने ओळखला जातो. ज्या लट्टलूरचा अभिमान या राजांनी मिरविला, त्याच लातुरास एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून ‘जलदूत’ रेल्वेने पाणी आणावे लागले. १२ एप्रिल रोजी आलेल्या पहिल्या गाडीत ५ लाख लिटर पाणी होते.

या विपर्यासाचे कारण केवळ अवर्षणात शोधणे पुरेसे नाही. लातूरची भूमी काळ्या पाषाणाची. नांदेडच्या पूर्वभागात, देगलूर-बिलोलीकडे, ग्रॅनाइट आढळतो. दोहोंतही पाणी साठते ते झिजलेल्या थरांत व भेगांत. सलग कातळात ते मुरत नाही. म्हणून एका विहिरीस पाणी लागते, तर शेजारची कोरडी राहते. अशा प्रदेशात स्थलपरत्वे नोंद हेच ज्ञानाचे मुख्य साधन ठरते.

राज्याची भूजल सर्वेक्षण यंत्रणा १९७२ साली स्थापन झाली. ती ठरावीक निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. परंतु प्रत्येक आड, बारव वा झरा तिच्या कक्षेत येणे शक्य नाही. ही उणीव काही अंशी लोकांनीच भरून काढण्यास आरंभ केला आहे. महाराष्ट्र बारव मोहिमेतील स्वयंसेवक जुन्या बारवांची स्थाने नकाशावर नोंदवितात व गाळाने बुजलेल्या बारवा स्वच्छ करतात. अटल भूजल योजनेत लातूर जिल्ह्याचा समावेश झाल्याने तेथील निवडक गावांत ग्रामस्थांच्या सहभागाने पाण्याचा ताळेबंद मांडण्यात आला.

तथापि केवळ स्थान नोंदविल्याने इतिहासाचे काम पुरे होत नाही. कोणत्या महिन्यात पाणी किती हातांवर होते, कोणत्या दुष्काळात विहीर आटली, उपसा कोणी व कशासाठी केला, हे तारखेसह लिहिले गेले पाहिजे. ही माहिती बहुधा गावातील वृद्धांच्या, विशेषतः पाणी शेंदणाऱ्या स्त्रियांच्या, स्मरणात असते. त्यांच्यामागे ती लुप्त होते. शिलालेखाने जलाशयाचे नाव राखले. पातळीचा इतिहास राखणे मात्र आपल्या पिढीच्या हाती आहे.