शेळी बांधली की बिबट्या येतो. पण कोणता?



डिसेंबर २०२५ मध्ये नागपूरच्या हिवाळी अधिवेशनाच्या वेळी वनमंत्री गणेश नाईक यांनी एक हिशोब मांडला. बिबट्याच्या हल्ल्यात माणूस गेला की कुटुंबाला २५ लाख द्यावे लागतात. चार माणसं गेली की एक कोटी. त्यापेक्षा एक कोटीच्या शेळ्याच जंगलात सोडा, म्हणजे बिबटे गावात यायचे नाहीत. आपल्याकडं चावडीवर, चहाच्या टपरीवर यावर हसूनही झालं आणि भांडूनही झालं. त्याच्या महिनाभर आधी, नोव्हेंबरमध्ये, नगर तालुक्यातल्या खारेकर्जुन्यात एका लहान मुलीचा बळी गेला होता. त्यामुळं हसणाऱ्यांचंही हसू फार टिकलं नाही.

मला त्या हिशोबापेक्षा शेळीत जास्त रस आहे. शेळी ठेवून बिबट्याला आपल्याला हव्या त्या जागी आणायचं, ही युक्ती शे-दीडशे वर्षं जुनी आहे, आणि तिचं आजवर काय झालं ते कागदावर आहे.

साहेबलोकांच्या शिकारीत दोन प्रकार होते. एक हाका: पन्नास-शंभर माणसं ढोल-डबे बडवत रान उठवणार आणि साहेब पुढं बंदूक घेऊन बसणार. दुसरा गारा. गारा म्हणजे आमिष म्हणून बांधलेलं जनावर. वाघासाठी बहुधा रेडकू, बिबट्यासाठी शेळी नाहीतर कुत्रं. नवी जागा निवडायची तर शिकारी आधी रान वाचायचा. ओढ्याच्या वाळूत पाऊल कुठं उमटतं, पाणी किती लांब आहे, जनावराला दबा धरत यायला झुडूप आहे का आणि मचाण बांधायला झाड आहे का. दिवस मावळताना जनावर बांधायचं, सकाळी जाऊन बघायचं. मारलं असेल तर त्याला हलवायचं नाही. बिबट्या उरलेलं खायला परत येतो, या एका सवयीवर अख्खा धंदा उभा होता. वर सरकारचं बक्षीसही होतं. इतिहासकार महेश रंगराजन यांच्या हिशोबानं १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत बक्षिसापायी देशात दीड लाखाच्या वर बिबटे आणि ऐंशी हजारांच्या वर वाघ मारले गेले. लांडगे दोन लाख.

इतके मारूनही बिबट्या संपला नाही, हे ध्यानात ठेवा.

शेळीच्या आमिषाची सगळ्यात गाजलेली गोष्ट गढवालमधली. रुद्रप्रयागच्या नरभक्षक बिबट्यानं आठ वर्षांत सरकारी नोंदीप्रमाणं १२५ माणसं मारली होती. जिम कॉर्बेटनं मे १९२६ मध्ये त्याला टिपला तो यात्रेच्या वाटेवर, आंब्याच्या झाडावर बसून. खाली शेळी होती आणि तिच्या गळ्यात घंटी. अंधारात घंटी वाजली आणि त्यानं गोळी झाडली. शेळी वाचली, पुढं कॉर्बेटनं तिला पितळी पट्टा घातला आणि तिच्या मूळ मालकाला परत दिली. पण त्याआधीचे महिने वाचा. विष, सापळे, जिवंत आमिष, मेलेलं आमिष, सगळं करून झालं होतं. मधेच एक बिबट्या मारलाही गेला, लोकांना वाटलं सुटलो, आणि बळी चालूच राहिले. शेळीला काय ठाऊक, आलेला कोण आहे?

गंमत बघा, त्याच १९२६ साली आपल्या अकोल्यात (विदर्भातलं नव्हे, आपलं अकोले) भंडारदऱ्याचं धरण पुरं झालं. प्रवरेचं पाणी कालव्यांनी खाली आलं. १९५० च्या सुमारास लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांचा सहकारी कारखाना सुरू झाला आणि मग जिल्हा उसाखाली गेला. आपण याला विकास म्हणतो, तो आहेच. बिबट्याच्या बाजूनं बघितलं तर मात्र बारा महिने हिरवं, माणसापेक्षा उंच, आत पाणी खेळतंय आणि वर्षभर कुणी शिरत नाही असं रान आपण त्याला मैलोन्‌मैल लावून दिलं. माद्या उसात वितात. तोड सुरू झाली की फडात पिल्लं सापडतात, आणि कोयता हातात धरलेल्या बाईला पहिल्यांदा ती मांजराचीच वाटतात.

आता कायदा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार बंद केली हे सगळ्यांना माहीत आहे. पण त्यातली शिकारीची व्याख्या फार कुणी वाचत नाही. मारणं, विष घालणं, फास लावणं, पकडणं, हाकलणं आणि आमिष लावणं, सगळं शिकारच. म्हणजे तुम्ही मनानं शेळी बांधून बिबट्याची वाट बघत बसलात, तर गोळी न झाडताही गुन्हा. म्हणूनच पिंजरा लावायला मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते, आणि ठार मारायचा हुकूम तर पकडणं, बेशुद्ध करणं, हलवणं यातलं काहीच जमत नसेल तरच.

पिंजरा म्हणजे मचाणाचीच सुधारलेली आवृत्ती. दोन कप्पे असतात. मागच्या जाळीत शेळी, तिला दात लागत नाही. पुढं बिबट्या शिरला, पाय फळीवर पडला की दरवाजा धाडकन खाली. बातमीसाठी असे बरेच पिंजरे बघितलेत. शेळी बहुतेक वेळा गावातल्याच कुणाची तरी असते. रात्रभर ती ओरडते, आणि ओरडली पाहिजे हीच अपेक्षा असते. पहाटे बिबट्या सापडला की फोटो, व्हिडिओ, "नरभक्षक जेरबंद". मथळा द्यायची घाई आम्हा पत्रकारांनाही असते. पण पिंजरा फक्त एवढंच सांगतो, की त्या रात्री त्या बांधावरून जो गेला तो भुकेला होता.

याचा सगळ्यात मोठा धडा आपल्या शेजारी, जुन्नरला मिळाला. तिथं २००१ पासून पिंजरे लावून बिबटे धरले आणि दूरच्या जंगलात सोडले. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी हे आकडे तपासले, २०११ मध्ये ते प्रसिद्ध झाले. आधी जिथं वर्षाला सरासरी ४ हल्ले होत होते, तिथं सोडायला लागल्यावर १७ झाले, आणि जीवघेण्या हल्ल्यांचं प्रमाण दुप्पट. धरलेला एक गेला की त्याची रिकामी हद्द दुसरा घेतो, आणि सोडलेला अनोळखी मुलखात बिथरतो. त्याच वर्षी केंद्र सरकारनं मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात सरसकट धरपकड आणि स्थलांतर टाळा असं स्पष्ट आहे.

सोडलेला बिबट्या काय करतो याचं उदाहरण आपल्याच तालुक्यातलं. २००९ मध्ये पारनेरच्या टाकळी ढोकेश्वरला विहिरीत पडलेला एक म्हातारा नर बाहेर काढला, गळ्यात रेडिओ पट्टा बांधून माळशेजला सोडला. हा पठ्ठ्या चालत निघाला. रेल्वे, हमरस्ते, वसईची खाडी ओलांडत सव्वाशे किलोमीटरच्या आसपास जाऊन थेट मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानाजवळ पोचला. वाटेत माणसाला नखही लावलं नाही. त्याचं नाव आजोबा. त्याच्यावर सिनेमाही निघाला. २०११ च्या डिसेंबरात तो महामार्गावर गाडीखाली गेला.

आणि बिबटे खातात काय? अकोले परिसरात कॅमेरे लावून पाहिलं तर १०० चौरस किलोमीटरला पाचेक प्रौढ बिबटे निघाले, तितकेच तरस, आणि माणसं चौरस किलोमीटरला तीनशेहून जास्त. विष्ठा तपासली तर भक्ष्याच्या वजनात ८७ टक्के पाळीव आणि गावातली जनावरं, त्यात एकटी कुत्री ३९ टक्के. शेळ्या ११ टक्के, जरी गावात शेळ्या कुत्र्यांच्या कितीतरी पट जास्त असल्या तरी. कारण शेळीला गोठा आहे, राखण आहे. कुत्र्याला कोण राखतंय? पोल्ट्रीवाल्यानं ओढ्यात टाकलेल्या मेलेल्या कोंबड्या, गावाबाहेरचा उकिरडा, त्यावर कुत्री, कुत्र्यांमागं बिबट्या. शिकारी जी जागा आठवडा घालवून तयार करायचा, ती आपण प्रत्येक वस्तीबाहेर कायमची करून ठेवलीय.

अमेरिकेत अस्वलाच्या शिकारीसाठी हे मुद्दाम करतात. मेन नावाच्या राज्यात हंगामाआधीच रानात पिंपं ठेवून त्यात शिळे डोनट, गोडधोड टाकतात. रोज खायला मिळालं की अस्वल ठरल्या वेळी हजर. ते बंद करावं म्हणून २००४ आणि २०१४ मध्ये लोकांचं मतदान घेतलं, दोन्हीदा लोकांनी नाही म्हटलं. त्यांचं ते बघतील. पण जनावर जागेला कसं लागतं, हे त्या पिंपावरून नीट कळतं.

आता मंत्र्यांच्या शेळ्यांकडं या. उसातल्या बिबट्याला जंगल माहीतच नाही, तो तिथं शेळी खायला का जाईल? आणि शेळी हरीण नाही. रानात सोडलेली शेळी दिवस मावळायला ओरडत गावाकडंच येते, कुणाही धनगराला विचारा. तिच्या मागावर कोण येणार?

आपल्या अकोल्यातल्या महादेव कोळी गावांत वसुबारसेच्याच दिवशी वाघबारस करतात. वाघोबाच्या शेंदरी दगडापुढं नैवेद्य ठेवतात, कुठं कोंबडा, कुठं बोकड. देणं तेही आहे, पण वर्षातून एकदा, शिवेवर, सगळ्या गावादेखत. बाकीचं वर्षभर गुरं कोंडलेली आणि पोरं अंधाराच्या आत घरात.

एक कोटीत दाराला जाळी असलेले बंदिस्त गोठे किती होतील, शाळेच्या वाटेवर दिवे किती लागतील, याचा हिशोब तुमच्या गावापुरता तरी मांडा. पुढच्या ग्रामसभेत मेलेल्या कोंबड्या टाकायच्या खड्ड्याचा ठराव आणि कुत्र्यांच्या नसबंदीचा ठराव, दोन्ही लेखी द्या. पिंजऱ्याची मागणी द्यायची तर तीही द्या. फक्त अर्जात हल्ला कुठं झाला, पाऊल कुठं दिसलं, किती वाजता, हे लिहा. पिंजरा लागलाच, तर निदान त्या वाटेवर तरी लागेल.