एसटीडी कोड
दूरध्वनी क्रमांकातील गाव वा परिसर दाखवणारे आकडे. ऑपरेटरकडे ट्रंक कॉल न नोंदवता थेट परगावी फोन लावण्याची सोय, म्हणजे एसटीडी, भारतात १९६० मध्ये कानपूर-लखनौ मार्गावर सुरू झाली.

कोडच्या आरंभीचा शून्य हा खरे तर कोडचा भाग नाही. कॉल स्थानिक नसल्याची ती एक्स्चेंजला दिलेली खूण. म्हणून परदेशातून मुंबईला फोन करताना भारताच्या ९१ या कोडनंतर शून्य गाळून थेट २२ लावतात. शून्य वगळता कोड आणि स्थानिक क्रमांक मिळून दहा आकडे होतात. मुंबई (०२२) व पुणे (०२०) यांचे कोड आखूड, त्यामुळे स्थानिक क्रमांकाला आठ आकडे उरतात आणि जास्त ग्राहक सामावतात. नाशिक (०२५३), कोल्हापूर (०२३१) येथे सातच उरतात. संपूर्ण गोव्याला ०८३२ हा एकच कोड आहे.

मोबाइल क्रमांकही दहा आकडीच, पण त्यात गावाचा कोड नसतो. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइलला फोन करताना आधी शून्य लावणे बंधनकारक आहे.